'मागे' म्हणणारा माझा आवाज

तुमच्या फोनमध्ये माझा आवाज आहे का?

तुम्ही ट्रक, टेम्पो, शाळेची बस किंवा साधी घरची गाडी चालवत असाल आणि टक्कर टाळणाऱ्या अ‍ॅपची फाइल कुणीतरी तुम्हाला ग्रुपवर पाठवली असेल, तर असू शकतो. गाडी रिव्हर्समध्ये असताना पाठीमागे कुणी आलं की एक मुलगी खणखणीत आवाजात एकच शब्द दोनदा बोलते. ती मुलगी मी. त्या आवाजाबद्दल मला तुम्हाला सांगायचं आहे, आणि सांगताना मान वर होत नाही.

माझे बाबा वाशीच्या एपीएमसीत, कांदा-बटाटा मार्केटमध्ये हमाल आहेत. साताऱ्याकडून आले ते तिथेच लागले. आम्ही कामोठ्यात राहतो. माझ्या लहानपणी घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. मोर्चाची, संपाची, सभेची. बाबा ती खिशात चार घड्या घालून आणायचे आणि आई त्यांनीच फडताळाचे कप्पे झाकायची. डाळीचा डबा उचलला की खालून 'कामगार बंधूंनो' वर यायचं. मी अक्षरं त्या कप्प्यांवर शिकले. शाळेतल्या पहिल्या निबंधात मी प्रत्येक वाक्यापुढे उद्गारचिन्ह दिलं होतं. बाईंनी आईला बोलावून घेतलं, तेव्हा आई म्हणाली, "आमच्यात असंच लिहित्यात."

पुढे मी स्वतः पत्रकं लिहायला लागले. तुंबलेल्या नाल्यावर, बंद पडलेल्या दवाखान्यावर, मराठी नसलेल्या फॉर्मवर. पत्रक लिहिणाऱ्याला एक गोष्ट लवकर कळते. माणूस ते थांबून वाचत नाही. घाईत असतो, हातात घेतो, पुढे जाऊन टाकून देतो. तेवढ्यात मथळा डोळ्यांत शिरला तर शिरला. मला छोटे मथळे जमायचे. लोकांची दहा शब्दांची तक्रार मी दोन शब्दांत बसवायचे, आणि याचा मला केवढा गर्व होता.

त्याच जोरावर मला महाप्याच्या एका छोट्या कंपनीत काम मिळालं. तिथे हे अ‍ॅप तयार होत होतं. कल्पना सोपी होती आणि आजही मला ती चांगलीच वाटते. गाडीत साबणाच्या वडीएवढा एक डबा बसवायचा आणि ड्रायव्हरचा फोन त्याला जोडायचा. डबा नसेल तर नुसत्या फोनवरही भागतं. रस्त्यावरच्या माणसाच्या खिशात फोन असतोच. मग हे फोन आणि डबे आपसात बोलत राहतात. मी इथे आहे, मी इकडे वळतोय, मी ब्रेक मारला, मी मागे येतोय. दोघांच्या वाटा एकमेकींना भिडणार असं दिसलं की माणसाच्या खिशातला फोन थरथरतो आणि ड्रायव्हरच्या फोनमधून इशारा येतो. माणसाला माणूस दिसला नाही, तरी फोनला फोन दिसतो.

माझं काम मराठी मजकूर लिहिण्याचं. पण इशारा कसा असावा यावर बैठक बसली आणि मी तिथे माझं पत्रक सुरू केलं. जुईनगरहून येणारा आमचा इंजिनियर म्हणाला, "बीप ठेवू ना. बीप सगळ्यांना कळतो. टेन्शनच नाही."

"मार्केटमध्ये येऊन बघ एकदा," मी म्हटलं. "तिथे सगळंच बीप करतं. तुझा बीप कोण ऐकणार?"

मग त्याने एक तयार आवाज लावून दाखवला. इंग्रजी बाई गोड गळ्याने म्हणाली, 'कॉशन, ऑब्जेक्ट बिहाइंड.'

"ऑब्जेक्ट?" मी उभीच राहिले. "गाडीच्या मागे माझे बाबा असतात पोतं घेऊन. माझे बाबा ऑब्जेक्ट आहेत?"

मॅनेजरने चष्मा काढून पुसला. ज्याच्या अंगावर चाक येणार, त्याच्या भाषेत इशारा झालाच पाहिजे, असं मी टेबलावर हात आपटून सांगितलं. जिंकले. मराठी ठरलं.

मी लिहिलं, 'मागे माणूस आहे, थांबा.' इंजिनियरने ते फोनवर लावून पाहिलं आणि म्हणाला, "हे सगळं बोलून होईपर्यंत गाडी पोचली पण." खरं होतं. मग मी माझ्या लाडक्या कामाला लागले, काटछाट. 'थांबा' काढलं, कारण मागे कुणी आहे म्हटलं की थांबायचं हे कुणी सांगायला हवं? 'आहे' काढलं. 'माणूस' काढलं. उरलं ते: 'मागे! मागे!' दोन उद्गारचिन्हांसकट. ऑब्जेक्ट नको म्हणून मी भांडले होते, आणि माझ्याच हाताने त्या वाक्यातून माणूस काढून टाकला. त्या दिवशी मला हे दिसलं नाही. मला दिसला तो मथळा. सुंदर होता.

आवाजही माझाच घ्यायचा ठरलं. ऑफिसच्या सामानाच्या खोलीत, डोक्यावर गोधडी घेऊन, मी तो फोनमध्ये बोलले. मग खारघरच्या एका मोकळ्या मैदानात इंजिनियरने स्वतःची गाडी मागे घेतली आणि मी फोन घेऊन मागून चालत गेले. माझा आवाज आला तसा त्याने कचकन ब्रेक मारला. आम्ही टाळ्या दिल्या. इंजिनियरची गाडी कधी कुणी ओरडून मागे घेतलेली नव्हती, हे तेव्हा आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

ट्रकचं तसं नसतं. मार्केटात माल उतरवायच्या धक्क्याला ट्रक लावायचा म्हणजे क्लीनर खाली उतरतो, पाठीमागे उभा राहतो आणि ओरडतो, 'येऊ दे, येऊ दे, मागं, मागं, मागंऽ, बास!' ड्रायव्हर मान वळवून बघत नाही. आरशात नजर आणि कान क्लीनरकडे. 'मागं' ऐकू येतंय तोवर गाडी मागे घ्यायची. 'बास' आलं की थांबायचं. हे मला माहीत नव्हतं असं नाही. लहानपणी बाबांचा डबा घेऊन गेले की मी हेच ऐकत ओट्यावर बसायचे. घरी येऊन आईच्या पाटाला ट्रक करून मी आणि शेजारची मुलं हाच खेळ खेळायचो. ती क्लीनरची भाषा माझीच होती. मथळा लिहिताना ती माझ्या आसपास कुठेच नव्हती.

आणि विसर पडला तो मलाच नाही. मी तो आवाज घरी लावला तेव्हा आई भाकरी थापत होती, बाबा पाय धूत होते. बाबांनी दोनदा लावायला सांगितलं. "ठणठणीत हाय," म्हणाले. "आक्ख्या मार्केटात पोरीचा आवाज घुमनार." स्वयंपाकघरात तो आवाज कौतुकाचाच वाटत होता.

मग मी पत्रक काढलं. वरती मोठ्या अक्षरांत: 'आता गाडीला पाठीमागेही डोळे!' बाबांच्या टोळीत मी ते वाटलं. त्यांचा जोडीदार, जो बाबांच्या समोर उभा राहून पोत्याचं दुसरं टोक धरतो, त्याने पत्रक उलटसुलट करून पाहिलं.

"फोन पोतं उचलंल का गं?" त्याने विचारलं.

"नाही काका, पण जीव वाचवेल."

"मंग आधी बायकोच्या फोनात घाल. माझा जीव तीच खाती."

सगळे हसले, पण अ‍ॅप सगळ्यांनी घेतलं. कमरेच्या पिशवीत फोन ठेवायला लागले. कामोठ्याच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर, गावाकडच्या ग्रुपवर, ड्रायव्हर लोकांच्या ग्रुपवर मी स्वतः ती फाइल टाकली. ती पुढे गेली, आणखी पुढे गेली. मी खूश. आणि तिचा उपयोगही झाला, हे मी लपवणार नाही. आमच्या कोपऱ्यावर उलट्या दिशेने एक बाइकवाला सुसाट येत होता. आई रस्त्यात पाऊल टाकणार तेवढ्यात पिशवीतला फोन थरथरला आणि ती जागीच थांबली. घरी आल्यावर तिने फोनला हळद-कुंकू वाहिलं. मी हसले, पण आत कुठेतरी ते कुंकू मलाच लागलं होतं.

मार्केटात माल आणणाऱ्या एका ट्रान्सपोर्टवाल्याने पत्रक वाचलं आणि त्यातून वेगळाच अर्थ काढला. गाडीला पाठीमागे डोळे आले, मग क्लीनर कशाला? त्याच्या एका ट्रकवर फलटणकडचा ड्रायव्हर होता, बाबांचा जुना ओळखीचा. मी त्याला मामा म्हणते. क्लीनर त्याचाच मेहुणा, टक्कल पडलेला, गप्पिष्ट माणूस. त्याला घरी बसवलं. मला कळलं तेव्हा मी संतापले. एका कामगाराची भाकर गेली म्हणून त्यावर पत्रक लिहायचं असं मी ठरवलंही. आणि लिहिलं नाही. कंपनीचे फोटो काढायचे होते ना. 'क्लीनरविना पहिला ट्रक.'

त्या दुपारी मी फोटोसाठीच गाळ्याजवळ उभी होते, बगलेत पत्रकांचा गठ्ठा. मामाचा ट्रक आला, वळला, रिव्हर्सला पडला. बाबांचा जोडीदार धक्क्याखाली उतरला होता. पोत्यातून सांडलेले कांदे वाकून बाजूला करत होता. धक्का आणि ट्रकचा मागचा फाळका यांच्यामध्ये. त्याच्या कमरेचा फोन थरथरलाही असेल. पण वाकलेल्या, घामाने भिजलेल्या, दिवसभर ओझ्याखाली थरथरणाऱ्या माणसाला तो वेगळा कळणार कसा?

केबिनमधून माझा आवाज आला. 'मागे! मागे!'

सगळ्यात आधी मला अभिमान वाटला. हे मला लिहायलाच हवं. सगळ्या गलक्यात तो किती स्पष्ट ऐकू येतोय, असं माझ्या मनात आलं.

ट्रक मागे येत राहिला. 'मागे! मागे!' फोनच्या पडद्यावर लाल रंग आला असणार, पण फोन ड्रायव्हरच्या समोर काचेजवळ आणि ड्रायव्हरची नजर बाजूच्या आरशात. बाबा धावले. "आरं थांब की!" ओरडत त्यांनी दोन्ही तळव्यांनी ट्रकचा पत्रा बडवला. ट्रक थांबला. तोवर जोडीदाराचा पाय फाळक्याखालच्या लोखंडात आणि धक्क्यात सापडला होता.

लोकांनी त्याला उचलून रिक्षात घातलं. मामा केबिनमधून उतरला. मी त्याच्या अंगावर धावून गेले. सगळ्या गाळ्यासमोर ओरडले, "ऐकू येत नाही का तुम्हाला? एवढं ओरडून सांगतेय ती! बहिरे आहात का?"

मामा माझ्याकडे बघत राहिला.

संध्याकाळच्या आत त्या गाळ्याच्या व्यापाऱ्याच्या पेढीवर सगळे जमले. गादीवर व्यापारी, खुर्चीत ट्रान्सपोर्टवाला, लॅपटॉप उघडून आमचा मॅनेजर. बाबा दारात उभे. मामा मध्ये, हात बांधून. आता प्रश्न एवढाच होता की मामाच्या हातात गाडी राहते की जाते. ट्रान्सपोर्टवाल्याने तळहात पुढे केला होता. किल्ली दे.

मॅनेजरने पडदा सगळ्यांकडे वळवला. "हे बघा, सिस्टीमने इशारा दिलाय. वेळेवर दिलाय. पुन्हा पुन्हा दिलाय. ड्रायव्हर थांबला नाही."

"म्हणजे चूक याची," ट्रान्सपोर्टवाला म्हणाला. "पिऊन होतास काय रे?"

"पेत न्हाय मी, शेठ."

"मग फोन सांगत होता तेव्हा काय झोपला होतास?"

"फोन म्हनला मागं," मामा म्हणाला. "म्या घेतली मागं."

पेढी हसली. व्यापारी हसला, मॅनेजर हसला, चहा घेऊन आलेला माणूसही हसला. मीसुद्धा हसायला तोंड उघडलं होतं. तेवढ्यात माझी नजर दाराकडे गेली. बाबा हसत नव्हते. ते माझ्याकडे बघत होते, आणि मग त्यांनी मान खाली घातली. माझ्यासाठी. त्यांना कळलं त्याच क्षणी मलाही कळलं. आईचा पाट, शेजारची मुलं, मागं, मागं, मागंऽ. 'बास' कुठे होतं? मी ते लिहिलंच नव्हतं.

मामाने खिशातून किल्ली काढून गादीवर ठेवली.

बाबा चाचरत म्हणाले, "साहेब, त्यो आवाजच चुकला आसंल." कुणाचा आवाज ते बोलले नाहीत. मला वाचवायला बघत होते. आयुष्यभर संपात, मोर्चात छाती पुढे काढून उभा राहणारा माणूस माझ्यामुळे चाचरत होता.

"आवाज माझा आहे," मी म्हटलं. "शब्दही माझा. यांनी जे ऐकलं त्याचा अर्थ मार्केटमध्ये 'गाडी मागे घे' असाच होतो. बाहेर जा, कुठल्याही ट्रकमागे उभं राहून 'मागे' ओरडा. ट्रक थांबतो का बघा."

"टेक्निकली इशारा करेक्ट होता," मॅनेजर म्हणाला.

"टेक्निकली तो हुकूम होता," मी म्हटलं. "आणि यांनी तो पाळला."

व्यापाऱ्याने आपल्या दाराशी उभ्या हमालांना विचारलं, "असं हाय काय रे?" ते सगळे एकदम बोलायला लागले. एकाने दारातच क्लीनरची हुबेहूब नक्कल केली. आता पेढी हसली नाही. ट्रान्सपोर्टवाल्याने हातातल्या पेनाने किल्ली मामाकडे सरकवली. "उद्यापासून मेहुण्याला घेऊन ये," एवढंच म्हणाला.

मामाने किल्ली उचलली. बाहेर पडताना माझ्यासमोर थांबला. मला वाटलं, आता शिव्या देईल. द्यायला हव्या होत्या.

"तुजा आवाज हाय व्हय त्यो?" तो म्हणाला. "मला वाटलं, कुणी टीव्हीवरची बाई हाय. तू हाय म्हनून कळलं आसतं तर इचारलं आसतं, पोरी, 'बास' कवा म्हननार?"

सकाळी मी त्याला बहिरा म्हटलं होतं का दुपारी, तेही त्या वेळी मला आठवेना. फक्त तो शब्द आठवत होता.

जोडीदाराचा पाय वाचला, पण घोटा पूर्वीसारखा वळत नाही. तो आता पोतं घेत नाही, काट्यावर बसून वजनं बघतो. प्लास्टर होतं तेव्हा मी त्याच्या घरी गेले. मी दारातच रडायला लागले, तर म्हणाला, "रडू नगंस. शुद्धलेखन तपासायला माझाच पाय सापडला व्हय तुला?" त्याची बायको हसली नाही. तिने माझ्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला आणि आत निघून गेली. तिचं बरोबर होतं.

बाबा या विषयावर बोलत नाहीत. एकदाच, जेवताना, ताटाकडे बघत म्हणाले, "मी बी ऐकला हुता की गं. दोनदा." त्यांनी त्यातला अर्धा वाटा उचलायचा प्रयत्न केला, जसं ते पोत्याचं टोक उचलतात. मला ते घेऊ देववलं नाही.

कंपनीने इशारा बदलला. आता अ‍ॅप 'बास! माणूस!' म्हणतं. आवाज माझा नाही. तो घ्यायच्या आधी आम्ही तो मार्केटात, चालू ट्रकमागे, मामा आणि त्याच्या मेहुण्याबरोबर लावून पाहिला. माणूस वाक्यात परत आला आहे. पण फोनमधल्या अ‍ॅप स्टोअरमधून घेतलेलंच अ‍ॅप आपोआप नवं होतं. ग्रुपवरून आलेली फाइल तशीच राहते. ती मी पाठवली होती. कुणाकुणाच्या फोनमध्ये ती गेली आहे, ते मला माहीत नाही. कुठल्या तरी सोसायटीच्या पार्किंगमध्ये, शाळेच्या फाटकाशी, गावच्या आठवडी बाजारात माझा आवाज आजही एखाद्या ड्रायव्हरला सांगत असेल, मागे, मागे. आणि तो भला माणूस ऐकत असेल.

म्हणून हे पत्रक. याला मथळा छोटा मिळाला नाही, आणि यात उद्गारचिन्हं फारशी नाहीत.

तुमची गाडी उभी असताना, मागे कुणी नाही याची खात्री करून, अ‍ॅप उघडा आणि इशाऱ्याच्या आवाजाची चाचणी लावा. 'बास' ऐकू आलं तर ठेवा. ते चांगलं आहे, माझ्या आईला विचारा. पण एक मुलगी 'मागे' म्हणाली, तर ते अ‍ॅप आत्ताच्या आत्ता काढून टाका. मग ती फाइल तुम्ही ज्याला पाठवली असेल, त्याला फोन करा. मेसेज टाकू नका, मेसेज कुणी वाचत नाही. फोन करा, आणि त्याच्या कानात सांगा की ती मुलगी चुकली होती.